टाकीतलं हिरवं

"भाऊजी, पाणी काय नितळ ठेवलंय हो तुम्ही! आत पाणी आहे की नाही, तेच कळत नाही," मेहुणी म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवून मोकळी झाली.

त्याच्या हातातला कप ओठांपाशी जाऊन थांबला. आधी त्याला वाटलं, ही टोमणा मारतेय. मेहुणीचा स्वभावच चेष्टेखोर, त्यातून ती पुष्कळ दिवसांनी आलेली. आल्या आल्या त्याच्या पोटावरून, टकलावरून, दाराच्या बिघडलेल्या घंटीवरून तिचं बोलून झालं होतं, आता टाकीची पाळी. म्हणून त्यानेही त्याच सुरात ठेवून दिलं, "हो, मुद्दाम रिकामी ठेवलीय तुझ्यासाठी. उतरतेस का पोहायला?" ती हसली. पण हसून झाल्यावर उठली, टाकीजवळ गेली, काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "नाही हो, खरंच सांगते. आमच्या शेजाऱ्यांकडे एक टाकी आहे, बघवत नाही तिच्याकडे, नुसतं डबकं. हे बघ ताई, मागच्या कागदाला पडलेली सुरकुतीसुद्धा दिसतेय इथून." त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अगं, नितळ कसलं? हिरवं झालंय सगळं. कधीचे हे नुसते त्याच्या मागे लागलेत." "हिरवं? ताई, चष्मा बदल तुझा." "चष्मा कशाला बदलू? विचार ह्यांना." "म्हणजे तू आता ह्यांच्या डोळ्यांनी बघतेस होय?" यावर तिघंही हसली. मग मेहुणीने आपल्या सुनेचा विषय काढला आणि तो विषय काही लवकर संपणाऱ्यांतला नव्हता.

ती गेली, लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, बायको कपबशा घेऊन आत गेली. तो खुर्ची ओढून टाकीसमोर बसला. रविवारची दुपार उतरणीला लागली होती. खिडकीतून येणारा उजेड त्याच्या आवडीचा होता, थेट ऊन नसलेला, थंड, सगळीकडे सारखा पसरलेला. रंग बघावा तर अशा उजेडात, हे त्याने आजवर किती नवशिक्यांना सांगितलं असेल. त्या उजेडात टाकी त्याच्यासमोर होती आणि टाकीतलं पाणी हिरवं होतं. गर्द नव्हे, डबक्यासारखं तर नव्हेच, पण हिरवं. कोणी काही म्हणो. पालेभाजी धुतलेलं शेवटचं पाणी असतं तेवढं. ज्याला रंगातलं काही कळत नाही त्याच्या ते लक्षात यायचं नाही, हे त्याला मान्य होतं. मेहुणीला काय कळतंय? तिच्या घरातल्या पडद्यांचे रंग त्याने पाहिलेले होते. असं म्हणून त्याने तो विषय मनातल्या मनात मिटवला आणि मिटवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण अजून सुरकुती शोधतो आहोत. कागदाला खरंच सुरकुती होती का? टाकीच्या मागच्या काचेला त्याने स्वतः तो निळा कागद चिकटवला होता, हवेचा बुडबुडासुद्धा राहू नये म्हणून पट्टीने घासून घासून. त्याला सुरकुती दिसेना.

मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, त्यानंतर ही टाकी घरात आली. बायको म्हणाली होती, घरात काहीतरी हलतं राहू दे. म्हणून मासे. पण त्याचा जीव माशांपेक्षा झाडांवर जडला. पाण्यातली झाडं, वाळूत रोवलेली, वरून दिवा, खाली खत, बाजूला बुडबुडे सोडणारी नळी. हिरव्या रंगाच्या इतक्या तऱ्हा एका हातभर लांबीच्या काचेत मावतात हे त्याला नवं होतं. पोपटी, मेंदीसारखा, काळपट, एकाच्या पानाच्या पाठीला तर तांबूस झाक. तो ऑफिसातून यायचा, जोडे काढायच्या आधी दिवा लावायचा आणि दिवसभर कापडं बघून शिणलेले डोळे त्या झाडांवर ठेवून द्यायचा. मग कधीतरी पानांच्या कडांना धागे दिसू लागले. केसांसारखे, पाण्याबरोबर हलणारे. शेवाळ. ते खरं होतं, त्याबद्दल तर वाद नव्हता. बायकोलाही दिसलं होतं, ती म्हणाली होती, "अहो, झाडांना दाढी आलीय." मासेवाल्या दुकानदाराने सांगितलं, "उजेड कमी करा, खाणं कमी करा, थोडं थोडं पाणी बदला आणि मुख्य म्हणजे घाई करू नका. शेवाळ माणसाच्या घाईवर जगतं." त्याने जुन्या दात घासायच्या ब्रशवर ते धागे गुंडाळून गुंडाळून काढले, बाजारातून गोगलगायी आणून सोडल्या, दिव्याला वेळ लावून दिली. धागे गेले. पानं स्वच्छ झाली. त्या दिवशी तो इतका खूश होता की बायकोला हाताला धरून त्याने टाकीसमोर आणून बसवलं होतं.

आणि त्यानंतर कधीतरी, नेमकं कधी ते त्याला सांगता आलं नसतं, पाणी हिरवं दिसू लागलं. धागे काढता येतात, त्यांना धरायला काहीतरी असतं. पाण्यात विरघळल्यासारख्या शेवाळाला कुठे धरायचं? त्याने पुन्हा पाणी बदललं. नवं पाणी घातलं की थोडा वेळ त्याला बरं वाटायचं, मग दिवा लावला की परत तेच. दुकानदार म्हणाला, "एका बाटलीत पाणी घेऊन या, बघून सांगतो." हा त्याला अपमान वाटला. उभा जन्म रंग पारखण्यात गेला, आणि आता पाणी हिरवं आहे की नाही हे मासे विकणारा मला सांगणार! त्याने बाटली नेली नाही, नुसतं औषध मागितलं. दुकानदाराने नाइलाजाने दिलं, देताना म्हणाला, "जपून. झाडांना मानवत नाही." ते ओतल्यावर आधी गोगलगायी गेल्या. एकेक काचेवरून सुटून वाळूत पडली, बायकोने त्या चमच्याने वेचून काढल्या. मग त्याने टाकीवर काळी घोंगडी घातली, सगळ्या बाजूंनी, फटसुद्धा राहू दिली नाही. अंधारात शेवाळ उपाशी मरतं, झाडं आपल्या शिदोरीवर तग धरतात, असं त्याच्या वाचनात आलं होतं. मध्येच उघडून बघायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम. त्याने तो पाळला. घोंगडी काढली तेव्हा झाडांनी माना टाकल्या होत्या, पोपटी पानं पिवळी पडली होती, मासे वर येऊन तोंडाने हवा ओढत होते, आणि पाणी हिरवंच होतं. त्याला त्या पाण्याचा राग आला. पाण्याचा राग येणं म्हणजे काय ते त्याने तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. बायको मागे उभी होती. "कसं आहे?" तिने विचारलं. "कसं असणार? जैसे थे," तो म्हणाला. तिने मान हलवली आणि घोंगडी घडी घालून घेऊन गेली.

आता तो माशांकडे बघत होता. अंगावर निळी रेघ असलेले ते चिमुकले मासे, झुंडीने फिरणारे. आणले तेव्हा ती रेघ काय पेटलेली असायची! आता ती विझत चालली होती, मळकट झाली होती. पाणी वाईट, म्हणून मासे आजारी, असं तो म्हणत आला होता. पण आजारी मासा असा फिरतो का? झुंड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली, एकदम वळली, परत आली. भूक लागलेल्या, धडधाकट माशांसारखी. त्याने नजर काढून घेतली आणि नजर काढून घेतल्याबरोबर त्याला उद्याची आठवण झाली. ती सकाळपासून दाराआड उभीच होती, मेहुणीच्या बडबडीत तिला आत यायला वाव मिळाला नव्हता इतकंच.

तो कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता, रंग जुळवण्याच्या खात्याचा मुख्य. गिऱ्हाईक हातभर चिंधी पाठवतं, म्हणतं, असा रंग हवा. रंगारी रंगवतात, आणि मग ते त्याच्यासमोर येतं. त्याच्या खोलीत एक पेटी होती, आतून राखाडी रंगवलेली, तीत निरनिराळे दिवे. एक बटण दाबलं की दिवसाचा उजेड, दुसरं दाबलं की दुकानातला, तिसरं दाबलं की घरातला पिवळा. चिंधी आणि कापड शेजारी शेजारी ठेवायचं, एकेक दिवा लावायचा, आणि बोलायचं. पास किंवा नापास. मशिन आलं होतं, ते आकडे सांगायचं, पण आकडे आणि तो यांच्यात मतभेद झाला तर साहेब त्याचं ऐकायचे. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कामगारांनी त्याचं नाव 'डोळा' ठेवलं होतं. तो खात्यात शिरला की कोणीतरी हळूच म्हणायचं, "डोळे आले रे," आणि बाकीचे डोळे चोळायचे. त्याला ते माहीत होतं, मनातून आवडतही होतं. दर वर्षी सगळ्यांच्या नजरेची परीक्षा व्हायची. लाकडी तबकात रंगीत चकत्या, एकीत आणि दुसरीत जेमतेम फरक, त्या क्रमाने लावायच्या. ती परीक्षा तो घ्यायचा. खातं आपल्याकडे आल्यापासून त्याने ती दिली नव्हती. द्यायची कोणाकडे? सगळ्यांची हजेरी घेणाऱ्या मास्तरांना कोणी हजर म्हणायला सांगत नाही. आणि खरं म्हणजे कोणाच्या मनातही आलं नव्हतं, त्याच्याही नाही. आज, टाकीसमोर बसून, पहिल्यांदाच आलं.

उद्याचा प्रश्न एका कापडाचा होता. फिकट निळं कापड होतं ते. इस्पितळातल्या परिचारिकांच्या गणवेशाचं. त्याने पास केलं होतं. त्याच्या हाताखाली एक मुलगी होती, जाड भिंगांची, सगळे तिला चष्मेवाली म्हणत. ती पेटीशी वाकून म्हणाली होती, "सर, हा जरासा जांभळ्याकडे झुकतोय का?" तो म्हणाला होता, "डोळ्यांत तेल घालून बघ, बाळ. चष्म्यावर घालू नकोस." सगळे हसले, तीही हसली. कापड गेलं आणि परत आलं. गिऱ्हाइकाचं म्हणणं, ही निळाई आमची नव्हे. तो साहेबांना म्हणाला, त्यांच्या गोदामातले दिवे भंगार असतील, कापडाला काय झालंय? साहेब नेहमीसारखे हो म्हणाले. पण त्या वेळी ते त्याच्याकडे न बघता मशिनच्या कागदाकडे बघत होते. उद्या गिऱ्हाइकाचा माणूस स्वतः येणार होता. पेटीसमोर दोघं बसणार, साहेब मागे उभे राहणार, चष्मेवाली दिवे लावणार आणि त्याला पास की नापास ते सांगायचं होतं. त्याने आठवडाभर स्वतःला बजावलं होतं की आपलंच बरोबर आहे. माणूस आपल्या पायांवर उभा असतो तेव्हा पायांचा विचार करत नाही, तसा त्याने कधी आपल्या डोळ्यांचा विचार केला नव्हता. ते होते, बघत होते. त्यांच्या जोरावर घर झालं, मुलगी शिकली, चार माणसांत मान मिळाला. ते गेले तर? गेले म्हणजे आंधळेपण नव्हे. आंधळ्याला निदान लोक रस्ता ओलांडून देतात. रंग बघणाऱ्याचा डोळा रंगात चुकू लागला तर त्याने जायचं कुठे?

"हे काय, अजून इथेच?" बायको आतून म्हणाली. "दिवा लावू का टाकीचा?"

"नको," तो म्हणाला. "एक काम कर. काही नाही. राहू दे."

तो उठला. स्वयंपाकघरात गेला, बायको कट्ट्याशी पाठमोरी होती, तिच्या शेजारून दोन काचेचे पेले घेतले, एकात नळाचं पाणी भरलं. दुसरा बाहेर येऊन टाकीत बुडवला. मग खिडकीत पांढरा कागद पसरून दोन्ही पेले त्यावर ठेवले आणि नेहमीच्या सवयीने आधी डोळे मिटून घेतले, थोडा वेळ, नजर कोरी व्हावी म्हणून. उघडले. बराच वेळ बघत राहिला. डावीकडचा पेला, उजवीकडचा पेला. पेल्यांच्या जागा बदलल्या. परत बघितलं. वरून बघितलं, बाजूने बघितलं. आणि मग त्याला कळलं की आपल्याला आता कुठला पेला कुठला ते सांगता येत नाहीये. त्याला हसू आलं, वाईट हसू. त्याने एका पेल्यातलं पाणी हुंगलं. तेव्हा वाळूचा, पाल्याचा वास आला आणि टाकीचा पेला सापडला. पंचवीस-तीस वर्षं ज्याने हजारो निळ्यांतून एक निळा काढला तो आज वासावर आला होता.

याचा अर्थ काय? एक तर टाकीतलं पाणी नळाइतकंच स्वच्छ होतं, नाही तर नळाचं पाणी हिरवं होतं. दुसरी शक्यता त्याने थोडा वेळ खरोखरच धरून बघितली. बुडणारा काडी धरतो म्हणतात, त्याने नळ धरला. मग ती सोडून दिली आणि टाकीच्या मागे हात घालून तो निळा कागद एका कोपऱ्यापासून सोडवायला लागला. फाटू नये म्हणून हळूहळू, श्वास धरून. हा कागद निवडताना त्याने दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. दोन निळे होते, एकात हिरव्याचा थेंब होता, तो त्याने परत केला होता. "कोणाला कळणारे साहेब, मागच्या बाजूला?" दुकानदार म्हणाला होता. "मला," तो म्हणाला होता. आता तो कागद हातात आला. खिडकीत धरला. थेंबच काय, अख्खा कागद हिरवट होता, उन्हात विटलेल्या जुन्या पाटीसारखा. विटला असेल. दिव्याने विटतात कागद. त्याने कडेची चिकटपट्टी नखाने काढली, जिथे कधी उजेड पोचला नव्हता तो कोपरा बघितला. तोही तसाच. एका डोळ्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. डाव्याने कागद किंचित निळ्याकडे सरकला, उजव्याने परत चिखलात गेला. डावा, उजवा. डावा, उजवा. इतकं सोपं होतं ते, शाळेतल्या पोरालाही करता आलं असतं, आणि त्याने ते कधी केलं नव्हतं. आपल्याला भीती वाटतेय, हे त्याला स्वच्छ कळलं. तळहात ओले झाले होते आणि कागदावर त्यांचे ठसे उमटत होते.

एक माणूस हवा होता. त्याला आत्ता, या क्षणी, सरळ नजरेचा एक माणूस हवा होता, जो रोखठोक सांगेल की कागद निळा आहे. मेहुणी एव्हाना बसमध्ये बसून सुनेला फोन लावत असेल. चष्मेवालीला फोन करावा? तिला काय सांगणार? घरात दुसरं माणूस एकच होतं. आणि त्या माणसाला त्याने रंग कधी विचारला होता, हे तो आठवू लागला तेव्हा त्याला आठवेना. लग्न झालं त्या हिवाळ्यात तिने त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. लोकर कमी पडली, ती जाऊन आणखी घेऊन आली, दुकानात जुळवून, दोनदा बघून. पाठ विणून झाली तेव्हा त्याने नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "ही लोकर वेगळी आहे. दिसत नाही तुला?" तिला दिसत नव्हतं. तिने ती पाठ उसवली. मग दिवाणखान्याचे पडदे, मग भिंतीचा रंग, मग मुलीच्या शाळेच्या मोज्यांतला पांढरा आणि त्यातला दुसरा पांढरा. तो कधी ओरडला नाही, कधी टाकून बोलला नाही. नुसतं म्हणायचा, "दिसत नाही तुला?" वाईट हे की दर वेळी तो बरोबर असायचा. हळूहळू तिने रंगाच्या बाबतीत ब्र काढणं सोडलं. बटण शिवायचं असलं की धाग्याची रिळं घेऊन त्याच्याकडे यायची. दूध पिवळसर वाटतं का, पोळी करपली का, औषधाची बाटली निळी ती का हिरवी ती, सगळं त्याच्याकडे. त्याला ते प्रेम वाटायचं. होतंही असेल.

"अगं," त्याने हाक मारली. "जरा बाहेर ये."

ती हात पुसत आली. टाकीच्या मागची काच उघडी पडलेली, भिंतीवरचा पोपडा पाण्यातून दिसत होता, खिडकीत पेले, त्याच्या हातात कागद. "अगं बाई! हे काय मांडलंय? कागद कशाला काढलात?"

"रंग सांग याचा."

"मी?" ती हसली. "आता मला विचारायची वेळ आली का? काय, थट्टा चाललीय दुपारपासून. ती गेली, आता तुम्ही."

"थट्टा नाही. सांग."

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला कुठला दिसतो?"

"ते नंतर. आधी तू."

तिने हातातल्या फडक्याला पुन्हा हात पुसले. कोरडे होते तरी पुसले. "निळा," ती म्हणाली, आणि घाईघाईने पुढे जोडलं, "म्हणजे आपलं मला वाटतं. मला काय कळतंय त्यातलं."

"आणि पाणी? तुझी बहीण म्हणाली तसं दिसतं तुला? नितळ?"

ती खाली बघून म्हणाली, "दिसतं तसंच. पण नुसतं दिसून काय उपयोग?"

"कधीपासून?"

"तुम्ही ते धागे काढलेत ना ब्रशने, त्यानंतर मला काही हिरवं असं दिसलंच नाही."

त्याला खुर्ची जवळ असलेली बरी वाटली. तो बसला. "मग बोलली का नाहीस? मी औषध ओतलं. घोंगडी घातली. गोगलगायी मेल्या, झाडं मेली. तू नुसती बघत उभी होतीस?"

"मला वाटलं, माझेच डोळे गेले," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं ती सांगत होती. "तुम्हाला एवढं धडधडीत दिसतंय आणि मला काहीच नाही, म्हणजे काहीतरी झालं असणार ना? म्हणून मी चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तुम्हाला मुद्दामच नाही सांगितलं, म्हटलं, उगाच घोर लागेल. थेंब घातले त्यांनी, अक्षरं वाचायला लावली, रंगीत ठिपक्यांचं पुस्तक होतं, त्यातले आकडे ओळखायला लावले. म्हणाले, बाई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत."

"मग?"

"मग काय? आले घरी."

"डॉक्टरांनी सांगितलं, डोळे चांगले आहेत. आणि तरी तुला वाटलं, पाणी हिरवं आहे?"

"डॉक्टरांचं काय सांगता!" आता तिचा आवाज चढला, त्याच्या बाजूने कोणाशी तरी भांडत असल्यासारखा. "पोर आजारी होती तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते? साधा ताप आहे. आणि तुम्ही तिची पापणी वर करून म्हणालात, हिचे डोळे पिवळे झालेत, ही कावीळ आहे. डॉक्टर हसले तुम्हाला. शेवटी कोण बरोबर निघालं? तुम्ही त्या दिवशी बघितलं नसतं तर माझी पोर हाताला लागली नसती. आणि मी तुमचं सोडून त्या चौकातल्या माणसाचं ऐकू?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला ते आठवलं, दवाखान्यातला तो बाक, मांडीवरची तापलेली मुलगी, आणि तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्यात त्याला दिसलेला, दुसऱ्या कोणालाही न दिसलेला, पिवळा. तो डोळा त्याचाच होता. तो कुठे गेला आता? "ऐक," तो म्हणाला. "माझे डोळे गेलेत. मघाशी मला दोन पेल्यांतला नळाचा कुठला ते ओळखता आलं नाही. ते कापड परत आलं ना, तेही माझ्यामुळेच आलं असणार. ती पोरगी मला सांगत होती, मी तिची टर उडवली. उद्या ते सगळे माझ्यासमोर बसतील आणि मला विचारतील. मी काय सांगू?"

"काहीतरीच बोलू नका. तुमच्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"भरलीय. म्हणूनच तुला विचारतोय." त्याने कागद तिच्यासमोर धरला. "माझं एक ऐक. तू फक्त म्हण की हा निळा आहे. वाटतं, असेल, ते नको. ठाम म्हण. माझ्या तोंडावर म्हण, की तुम्ही चुकताय. तू म्हणालीस की उद्या मलाही म्हणता येईल, सगळ्यांसमोर. नाही तर मी उद्या परत खोटंच बोलेन, मला माहीत आहे. मला आणखी कोणी नाही विचारायला."

असं तो कधी बोलला नव्हता. ती घाबरली. त्याच्या कपाळावरून तिने हात फिरवला, ताप आहे का बघावं तसा, मग तो कागद त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला आणि खिडकीपाशी गेली. दोन्ही हातांनी धरून तिने तो उजेडात उंच केला. बराच वेळ बघितला, मान तिरकी करून, जवळ आणून, लांब नेऊन, एखाद्या शिकाऊ माणसाने करावं तसं सगळं नीट केलं. तो श्वास रोखून तिच्या पाठीकडे बघत होता. मग ती वळली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती त्याला धीर द्यायला हसत होती.

"नाही हो," ती म्हणाली. "आता नीट बघितलं मी. हिरवाच आहे."